टोड लेनचे दुकान

वाचकहो, वाण्याच्या दुकानाची पायरी कधी चढला नाही असा माणूस तुमच्या गावात शोधून सापडायचा नाही. देवळात न जाणारा भेटेल, चावडीवर न फिरकणारा भेटेल. पण मीठ-मिरची, गूळ, चहापत्ती आणि काड्याची पेटी कुणाला चुकली आहे? असे असूनही आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत दुकानाला जागा नाही. त्यांत लढाया आहेत, तह आहेत, राजांच्या वंशावळी आहेत. दुकानाचा इतिहास नाही. आज मी तुम्हाला एका किराणा दुकानाचीच हकीकत सांगणार आहे. दुकान आपल्याकडचे नव्हे, विलायतेतले. आणि उघडले त्या दिवशी एवढे लहान की गल्लीतली पोरे त्याला हसली.

त्याआधी थोडे घरचे सांगतो. लहानपणी आई मला हातात एक लांबट वही देऊन दुकानात पिटाळीत असे. सामान घ्यायचे, दुकानदार वहीत आकडा मांडी, आणि सुगी झाली की वडील जाऊन हिशेब चुकता करीत. एकदा पावशेर गूळ आणला होता आणि वहीत अच्छेर पडला होता. आईने ते पाहिले, वही मिटली, आणि काही बोलली नाही. मी म्हटले, ‘‘जाऊन सांगू का?’’ ती म्हणाली, ‘‘नको रे बाबा, अजून दोन महिने त्याच्याच दारात जायचंय.’’ त्या वेळी मला तिचा राग आला होता. पुढे पुष्कळ वर्षांनी टोड लेनची हकीकत वाचताना तो गूळ आठवला, आणि आईला गप्प बसविणारी ती गोष्ट कोणती हे ध्यानात आले. ती उधारी होती.

आता विलायतेकडे वळू. इंग्लंडच्या उत्तर भागात लँकेशायर नावाचा परगणा आहे. मँचेस्टर शहर त्याच मुलखातले. मँचेस्टरपासून पाचसहा कोसांवर रॉचडेल हे गाव आहे. तिथे फ्लॅनेल म्हणजे लोकरीचे मऊ कापड विणीत, आणि पुढे सुताच्या गिरण्याही पुष्कळ निघाल्या. 1840 नंतरची ती वर्षे इंग्लंडच्या गरिबांना इतकी कठीण गेली की तिकडच्या लोकांनी त्या दशकाला ‘भुकेले दशक’ असेच नाव देऊन टाकले. यंत्रमाग आले आणि हातमागवाल्याची मजुरी घसरत चालली. परदेशी धान्यावर जबर जकात होती, त्यामुळे पाव महाग. ती जकात उठविण्याचा कायदा 1846 साली झाला. आपली हकीकत त्याच्या आधीची आहे.

या लोकांची दुकाने कशी होती ते ऐका, म्हणजे तुम्हाला ती अगदीच परकी वाटणार नाहीत. काही गिरणीमालक मजुरीचे पैसे रोख देत नसत. आपल्याच दुकानातला माल घ्यायला लावीत. भाव त्यांचा, वजन त्यांचे, आणि माल कसलाही. ही चाल बंद करण्यासाठी 1831 साली पार्लमेंटने कायदा केला, पण कायदा झाला म्हणून चाल लगेच मोडते असे कुठे झाले आहे? मालकाच्या दुकानातून सुटावे तर गावातला दुकानदार होताच. त्याच्याकडे उधार मिळे. आणि एकदा उधार खाल्ले की दुसरीकडे जायची सोय उरत नसे.

भेसळीचे तर विचारू नका. पाव पांढरा दिसावा म्हणून पिठात तुरटी घालीत. वापरून टाकलेली चहाची पाने वाळवून, रंग देऊन पुन्हा विकीत. फ्रेडरिक अॅकम नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1820 साली या भेसळीवर एक पुस्तकच लिहिले. पुढे 1851 पासून डॉक्टर आर्थर हॅसल यांनी लंडनच्या दुकानांतून नमुने आणून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रातून दुकानदारांच्या नावांसकट छापले. भेसळीविरुद्धचा पहिला सर्वसाधारण कायदा इंग्लंडात झाला तो 1860 साली. आपल्याकडे अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 चा. तेव्हा भेसळ ही काही एका देशाची किंवा एका जातीची विद्या नव्हे. जिथे गिऱ्हाइकाला दुसरे दार नाही तिथे ती उगवतेच.

अशा गावात 1844 साली काही माणसे एकत्र जमली. सगळेच विणकर होते असे नाही. कोणी लोकर निवडणारा, कोणी सुतार, कोणी चांभारकाम करणारा. त्यांची संख्या अठ्ठावीस होती असे परंपरेने सांगतात. त्यांत चार्ल्स हॉवर्थ होता, जेम्स स्मिथीज होता, विल्यम कूपर होता. मजुरी वाढवून मागितली, ती मिळाली नाही. मग त्यांच्यात वाद झाला की आता करायचे काय? कोणी म्हणे मतदानाचा हक्क मिळवू, मग सगळे होईल. कोणी म्हणे देश सोडून जाऊ. कोणी म्हणे दारू सोडा, म्हणजे पैसा उरेल. आणि काहींनी म्हटले, आपण दुकान काढू.

दुकानाची कल्पना नवी नव्हती बरे का! रॉबर्ट ओवेन या थोर गिरणीमालकाने सहकाराचा विचार आधीच मांडला होता, आणि 1830 च्या सुमारास इंग्लंडात अशी सहकारी दुकाने शेकड्यांनी निघालीही होती. खुद्द रॉचडेलमध्ये, त्याच टोड लेनमध्ये, 1833 साली असे एक दुकान उघडले होते. 1835 साली ते बंद पडले. का बंद पडले? उधारीमुळे. आपलेच सभासद, आपलेच शेजारी, आज नाही उद्या देईन म्हणाले; त्यांना नाही कसे म्हणायचे? वसुली राहिली, माल संपला, दुकानाला कुलूप लागले. नव्या मंडळींतल्या काहींना ते बुडालेले दुकान चांगले आठवत होते. मला विचाराल तर या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. यशाचा उगम लोक शोधतात तो 1844 मध्ये. मला तो 1835 मधल्या त्या कुलपात दिसतो.

भांडवल कसे जमवले ते पाहा. दर माणशी एक पौंडाचा भाग ठरला. पण एक पौंड एकदम आणायचा कुठून? म्हणून आठवड्याला दोन पेनी द्याव्यात असे ठरले. एका पौंडात वीस शिलिंग, एका शिलिंगात बारा पेनी. म्हणजे पौंडाच्या दोनशे चाळीस पेनी. आठवड्याला दोन पेनीप्रमाणे एक पौंड भरायला एकशे वीस आठवडे, सव्वादोन वर्षांहून जास्त! पुढे दोनाच्या तीन पेनी केल्या. घरोघर फिरून ही नाणी गोळा करायला माणसे नेमली होती. रविवारी ती मैलोगणती पायपीट करीत. असे करता करता अठ्ठावीस पौंड जमले. त्यातले दहा पौंड वर्षाच्या भाड्याचे. काही पैसे दुकानाच्या मांडणीला गेले, आणि सुमारे साडेसोळा पौंडांचा माल भरला.

माल तरी काय? अठ्ठावीस रत्तल लोणी, छप्पन रत्तल साखर, सहा हंड्रेडवेट म्हणजे आजच्या मापाने तीनशे किलोच्या आसपास गव्हाचे पीठ, एक पोते ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या. संपली यादी. तुमच्या गावातल्या कोपऱ्यावरच्या टपरीत याहून जास्त जिनसा असतील.

21 डिसेंबर 1844, शनिवार. नाताळच्या आधीचे दिवस, वर्षातली सर्वांत मोठी रात्र. संध्याकाळी टोड लेनवरच्या एकतीस नंबरच्या जुन्या गोदामाच्या तळमजल्यावर हे दुकान उघडायचे होते. टोड म्हणजे इंग्रजीत बेडूक. पण काही जण सांगतात की मूळ शब्द ‘जुनी गल्ली’ असा असून लोकांच्या बोलीत त्याचा बेडूक झाला. आपल्याकडेही गावांच्या नावांचे असे पुष्कळ होते. ते असो. बातमी फुटली होती. गल्लीत पोरे जमली होती, शेजारचे दुकानदार दारात उभे होते. असे सांगतात की आतल्या मंडळींना फळ्या काढायचाच धीर होईना. शेवटी एकाने पुढे होऊन त्या काढल्या, आणि आतला तो चिमुकला माल पाहून बाहेर एकच हशा पिकला. आपल्या हातगाडीत तुमचे सगळे दुकान भरून नेईन, असे एका दुकानदाराने म्हटल्याचीही आख्यायिका आहे. विक्रीला बसला होता सॅम्युएल अॅशवर्थ, वय अवघे एकोणीस. आणि पैसे मोजायला विल्यम कूपर.

सुरुवातीला दुकान आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि शनिवारी, तेही संध्याकाळी उघडे असे. दिवसा ही माणसे कामावर जात. म्हणजे दुकानदार कोण? तर दिवसभर मागावर राबून आलेले गिऱ्हाईकच.

आता या दुकानाचे कायदे. ते नीट समजून घेण्यासारखे आहेत, कारण पुढे साऱ्या जगातल्या सहकाराने ते उचलले. पहिला, माल अस्सल आणि वजन पुरे. तागडीला पासंग नाही, मापाला अंगठा नाही. दुसरा, रोख पैसे. सभासदाला उधार नाही, बिनसभासदाला नाही, अध्यक्षालाही नाही. तिसरा, माणशी एक मत. ज्याचे भाग शंभर त्याचेही एकच, ज्याचा एक त्याचेही एकच. बाईमाणसाला सभासद होता येई, आणि तिलाही पुरे एक मत. त्या काळी इंग्लंडात बाईला पार्लमेंटसाठी मत नव्हते, आणि लग्न झालेल्या बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याची ठरत असे, हे ध्यानात घ्या. भांडवलावर ठरलेलेच व्याज, त्यावर नाही. हिशेब दर तीन महिन्यांनी सभेपुढे.

आणि मग तो प्रसिद्ध नियम, नफा वाटण्याचा. इथे थोडे थांबू, कारण पुष्कळांची समजूत अशी असते की सहकारी दुकान म्हणजे स्वस्त दुकान. रॉचडेलचे दुकान बाजारभावापेक्षा स्वस्त विकत नव्हते! बाजारात साखरेचा जो भाव तोच त्यांचा. का बरे? स्वस्त विकले असते तर शेजारचे बडे दुकानदार चार दिवस तोटा सोसून त्याहून स्वस्त विकते, आणि ही माणसे बुडाली असती. शिवाय रोज अर्धी पेनी वाचली तर ती कुठे जाते ते कळतही नाही. म्हणून त्यांनी असे ठरवले की बाजारभावाने विकायचे, खर्च वजा जाता जे उरेल ते तिमाहीच्या शेवटी सभासदांना वाटायचे. पण भागांच्या प्रमाणात नव्हे, खरेदीच्या प्रमाणात. ज्या घराने जास्त सामान नेले त्या घराला जास्त परत. नफा भांडवलाचा नव्हे, गिऱ्हाइकाचा. ही युक्ती हॉवर्थने सुचविली असे मानतात. अशा वाटणीचे प्रयोग त्याआधीही कुठे कुठे झाले होते, पण टिकले आणि पसरले ते रॉचडेलचे.

यातली गंमत बघा. खाता खाता बचत होते. घरची बाई पीठ नेते, साखर नेते, आणि तिच्या नावावर न कळत पैसा साचत जातो. तो तिथेच ठेवला तर त्यावर व्याज. मागची देणी असलेले कुटुंब तिमाहीच्या वाटणीतून ती फेडी आणि मग सभासद म्हणून ताठ मानेने येई.

पण सारे सरळ चालले असे समजू नका. सभासद कंटाळत. उधार मिळते म्हणून जुन्या वाण्याकडे परत जात. कित्येकांना जाण्यावाचून गत्यंतरच नव्हते, कारण त्याची बाकी डोक्यावर होती. पुढे 1850 साली मंडळींनी पिठाची गिरणी चालवायला घेतली, तेव्हा तर मोठी पंचाईत झाली. शुद्ध पीठ पांढरेशुभ्र नसते! तुरटीच्या पावाची डोळ्यांना सवय झालेली. खरे पीठ लोकांना मळकट वाटू लागले. तक्रारी सुरू झाल्या, गिरणीला तोटा आला. पॉलिश केलेला तांदूळ आणि पिवळीजर्द हळद मागणाऱ्या आपल्या बाजारात आज याहून वेगळे काय घडते?

पहिल्या वर्षाअखेर, 1845 साली, सभासद होते चौऱ्याहत्तर आणि विक्री सुमारे सातशे दहा पौंड. पुढची दोनतीन वर्षे वाढ सावकाश झाली. मग 1849 साली गावात एक आक्रीत घडले. रॉचडेलची बचत बँक बुडाली. कारभाऱ्याने वर्षानुवर्षे केलेली अफरातफर तो मेल्यावर उघडकीला आली, आणि गोरगरिबांची पुंजी गेली. आता विश्वास कुणावर ठेवायचा? लोकांना ते टोड लेनचे दुकान आठवले, जिथे दर तीन महिन्यांनी हिशेब भर सभेत वाचला जाई आणि कुणीही उठून प्रश्न विचारू शके. त्या एका वर्षात सभासद दुपटीहून अधिक वाढले. 1850 साली सहाशे सभासद आणि तेरा हजार पौंडांवर विक्री. 1860 साली साडेतीन हजारांच्या जवळ सभासद आणि दीड लाख पौंडांवर विक्री. कापड, मटण, जोडे, सगळे खाते आले. नफ्यातले शेकडा अडीच शिक्षणासाठी बाजूला काढीत. त्यातून वाचनालय आणि वर्तमानपत्रांची खोली चाले. शिक्षक वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे, की ही लायब्ररी सरकारी अनुदानावर नव्हे, पीठ-साखरेवर उभी राहिली. 1863 साली अशा अनेक दुकानांनी मिळून आपली घाऊक खरेदीची संस्था मँचेस्टरला काढली.

इथपर्यंतची हकीकत पुस्तकांत मिळते. पण तिचा एक धागा आपल्या मुलखापर्यंत येऊन पोचतो, तो फारसा कुणी सांगत नाही.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस लँकेशायरला येईनासा झाला. गिरण्या बंद पडल्या, लाखो मजूर बसून राहिले. रॉचडेलचे दुकान मात्र त्या कठीण वर्षांतही चालू राहिले. सभासदांनी दुकानातली आपली साठलेली पुंजी काढून दिवस ढकलले. आता त्याच वर्षी आपल्याकडे काय चालले होते? अमेरिकेचा कापूस बंद, म्हणून खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला. शेतकऱ्याच्या हाती कधी नव्हे तो पैसा खेळला, आणि त्या पैशाच्या भरवशावर सावकारानेही हात सैल सोडून कर्ज दिले. 1865 साली अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव कोसळला. भाव गेला, कर्ज राहिले; आणि त्याच सुमारास सरकारने शेतसाऱ्याची नवी आकारणी करून तो वाढवला.

मग 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, भर बाजाराच्या दिवशी, शेतकरी उठले. त्यांनी काय जाळले? मुख्यतः कागद. कर्जरोखे, खतपत्रे, चोपड्या. गावोगाव हेच झाले, पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत वणवा पसरला. माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षा लोक वह्यांवर उठले होते. पुष्कळ गावी सावकार आणि दुकानदार एकच असे. तेल-मीठ ज्या वहीत, बीबियाणे त्याच वहीत, लग्नाचा खर्चही त्याच वहीत. माझ्या आईच्या हातातली ती लांबट वही मी त्या वह्यांच्या वंशातलीच मानतो.

रॉचडेलच्या मंडळींनी वही फाडली ती नियम करून. आपल्या लोकांनी जाळली ती निरुपाय होऊन. मग कोणी विचारील, आपण त्याच वेळी रॉचडेलसारखी दुकाने का काढली नाहीत? आपले लोक अडाणी होते म्हणून? मला हे उत्तर पटत नाही. जरा हिशेब करा. रॉचडेलच्या विणकराला मजुरी दर आठवड्याला मिळे. थोडी का होईना, शनिवारी संध्याकाळी हातात नाणी पडत. आणि दुकान शनिवारी संध्याकाळीच उघडत असे! आपल्या शेतकऱ्याचा शनिवार वर्षातून एकदा येतो, सुगीला. ज्याच्या हाती पैसा वर्षातून एकदा पडतो त्याला ‘रोज रोख दे’ म्हणणे म्हणजे ‘दहा महिने उपाशी राहा’ म्हणणे. त्याला आधी दुकान नको होते, पत हवी होती. म्हणून आपल्याकडे सहकार आला तो इंग्लंडच्या दुकानाच्या रूपाने नव्हे, तर जर्मनीतल्या रायफायझन नावाच्या गृहस्थाने खेड्यांत काढलेल्या पतपेढ्यांच्या रूपाने. 1904 सालचा आपला पहिला सहकारी कायदा फक्त पतसंस्थांचाच होता. दुकाने आणि इतर संस्थांना त्यात जागा मिळाली ती 1912 च्या कायद्याने.

आणि बघा, रॉचडेलचा नियम आपल्याकडे प्रथम रुजला तोही महिन्याच्या महिन्याला पगार मिळणाऱ्यांतच. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात 1904 साली काही शिक्षक-कारकून मंडळींनी रॉचडेलच्या धर्तीवर भांडार काढले, ते देशातले आद्य ग्राहक भांडार म्हणून ओळखले जाते. आपल्या मुंबईत 1943 साली रेशनिंग आले, आणि धान्य-साखर वाटण्यासाठी ठिकठिकाणी सहकारी दुकाने निघाली. नियंत्रणे उठली तशी त्यांतली पुष्कळशी विझलीही. कारण ती गिऱ्हाइकांच्या जिद्दीवर नव्हे, कोट्याच्या साखरेवर उभी होती. पण 1948 साली नायगावच्या गिरणी कामगारांनी एक दुकान काढले, ते टिकले. तेच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून साऱ्या मुंबईला ठाऊक झाले. नायगाव म्हणजे गिरणगाव. तिथे कामगारांच्या चाळी, भोंगा, आणि ठरलेल्या तारखेला पगार. रॉचडेलचीच परिस्थिती, फक्त थंडी नाही!

खेड्यात हे जमले ते कधी? जेव्हा शेतकऱ्याचा शनिवार वर्षातून अनेकदा येऊ लागला तेव्हा. साखर कारखाना आला, उसाचे हप्ते आले. दूधसंघ आला, दुधाची बिले आली. 1978 साली कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणा बझार उभा राहिला, तो अशा हप्त्यांच्या आणि बिलांच्या मुलखात. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. आणि दुकानच नको, असाही मार्ग काहींनी काढला. 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याच्या सामानाची यादी आधी देतात, घाऊक माल एकत्र येतो आणि घरचीच माणसे तो वाटून घेतात. तिथे गल्ला नाही, पाटी नाही.

एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. ‘उधार नाही’ या नियमाने रॉचडेलचे दुकान तगले, हे खरे. पण ज्याच्याजवळ शनिवारीही नाणे नसे, जो आजारी असे, बेकार असे, त्याला त्या दुकानाची पायरी चढता येत नव्हती. तो जुन्या वाण्याकडेच जाई. गावातल्या वाण्याला आपण खूप बोल लावतो, मीही वर लावला; पण अडल्या रात्री औषधापुरता मध आणि बाळंतिणीपुरते तूप उधार देणाराही पुष्कळदा तोच असतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत हे घालूनच बोलावे.

टोड लेनवरची ती एकतीस नंबरची इमारत आजही उभी आहे. 1931 साली तिचे संग्रहालय केले.

शिक्षकमित्रांसाठी जाता जाता एक गणित देतो. सातवी-आठवीच्या वर्गाला घालून बघा. रॉचडेलची एक बाई दर आठवड्याला दहा शिलिंगांचे सामान नेते. दुकान पौंडामागे दोन शिलिंग परत देते. दुकान भरभराटीला आल्यावर ते विक्रीच्या शेकडा दहाच्या आसपास नफा वाटू शकत होते, तेव्हा हा आकडा काही हवेतला नाही. तर तिच्या नावावर एक पौंड जमायला किती आठवडे लागतील? मुलांना आधी अंदाज करू द्यावा. मग फळ्यावर मांडावे : दहा शिलिंग म्हणजे अर्धा पौंड, अर्ध्या पौंडामागे एक शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, उत्तर वीस आठवडे. आणि मग त्याच्या शेजारी ते पहिले उत्तर लिहावे, आठवड्याला दोन पेनीप्रमाणे लागणारे एकशे वीस. पुढच्या बाकावरचे एखादे पोर विचारीलच, ‘‘गुरुजी, हे शंभर आठवडे आधी कुठं जात होते?’’ त्याला लगेच उत्तर देऊ नका. घरी जाऊन आईला वाण्याची वही मागायला सांगा.